खेळ कुठे साठवलाय ते बघा, पिढी आपोआप कळेल

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात माजिवड्याला राहणाऱ्या एका कुटुंबाच्या माळ्यावर नव्वदीतला कॅसेटचा टीव्ही गेम आणि प्लेस्टेशन २ पडून आहे. हॉलमध्ये प्लेस्टेशन ४ रोज चालतो आणि आता आठवीतल्या मुलीसाठी प्लेस्टेशन ५ घ्यायचा विचार आहे. चित्रं सुंदर झाली, यापलीकडे दर पिढीत नक्की काय बदललं? जुनी यंत्रं नव्या टीव्हीवर चालतील का? ती ठेवायची की भंगारात द्यायची?

चित्रांपासून सुरुवात केली की उत्तर भरकटतं. चित्रं दर पिढीत सुधारतातच. खेळाची घडण बदलते ती दुसऱ्याच एका गोष्टीमुळे: खेळ साठवलाय कुठे, आणि तिथून तो यंत्राच्या मेमरीत किती वेगाने येतो. कॅसेट, सीडी, डीव्हीडी, हार्ड डिस्क, एसएसडी (आत काही न फिरणारी, नुसत्या चिपांची डिस्क) आणि शेवटी कंपनीचा सर्व्हर, असा हा प्रवास आहे. कुठला जुना खेळ पन्नास वर्षांनीही चालेल आणि कुठला नाही, तेही यावरूनच ठरतं. म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच धाग्यात येतात.

माळ्यावरचा कॅसेटचा गेम म्हणजे बहुतेक जपानच्या फॅमिकॉमची नक्कल. फॅमिकॉम १९८३ चा. आपल्याकडे 'समुराई' आणि त्यानंतर आलेली कितीतरी यंत्रं याच घराण्यातली. कॅसेटच्या पट्टीवर ६० पिना असतील, एका बाजूला ३०, तर ते फॅमिकॉमच्या जातीचंच समजा. यंत्राची स्वतःची मेमरी अवघी २ केबी. पण प्रोसेसर कॅसेटमधली चिप थेट वाचत असल्याने 'लोडिंग' हा प्रकारच नव्हता. बटण दाबलं की खेळ समोर. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स पूर्ण ४० केबीत बसला होता. आज सकाळी ग्रुपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटो बहुधा त्याहून मोठा असतो. एवढ्या जागेत बसवायचं म्हणून त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे. रंग बदलला की ढगाचं झुडूप होतं. टीव्हीवर दोन्ही शेजारी दिसली की नीट बघा, वरची गोलाई तीच आहे.

त्या काळातलं आणखी एक बंधन डोळ्यांना दिसतं. पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलती चित्रं यंत्राला काढता येत नव्हती. नववं आलं की कुणीतरी गायब होणार. म्हणून खेळ लिहिणारे आळीपाळीने एकेकाला लपवायचे आणि आपल्याला ती लुकलुक दिसायची. काँट्रा या गोळीबाराच्या खेळात गोळ्यांचा मारा वाढला की जे फडफडायचं, ते हेच. तो बिघाड नव्हता, यंत्राने दिलेल्या मर्यादेत केलेली विचारपूर्वक तडजोड होती.

कॅसेटचा गेम चालू होत नसेल, अक्षरांचा चिवडा दिसत असेल किंवा पडदा एकाच रंगाचा राहत असेल, तर दहातल्या नऊ वेळा दोष पिनांवरच्या मळाचा असतो. कॅसेटमध्ये फुंकर मारायची आपल्या सगळ्यांची सवय होती, ती सोडा. फुंकरेतल्या ओलाव्याने पिना आणखी काळ्या पडतात. फुंकरेनंतर गेम चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. कानकोरणीचा कापूस त्यात ओला करून पिनांच्या लांबीच्या दिशेने, वरून खाली, पुसा. आडवं घासलं तर मळ दोन पिनांच्या मध्ये जाऊन बसतो. काळेपणा जात नसेल तर मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि पुन्हा अल्कोहोलने पुसा. यंत्राच्या खाचेसाठी मुदत संपलेल्या एटीएम कार्डाला सुती कापडाची एक घडी गुंडाळा, ती किंचित ओली करा आणि चार-पाच वेळा आत-बाहेर करा. दहा मिनिटं वाळू द्या, मगच वीज जोडा. सँडपेपर कधीही वापरू नका. पिनांवरचा मुलामा फार पातळ असतो, एकदा गेला की गेला.

'९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट उघडलीत तर आत पाठ्यपुस्तकातली चौकोनी चिप दिसणार नाही. हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक गोल ठिपका असेल. चिप त्या ठिपक्याखाली असते. तो ठिपका फुटला किंवा तडकला असेल तर कॅसेट दुरुस्त होत नाही, त्यात वेळ घालवू नका. आणि त्या ९९९९ पैकी खरे खेळ मोजकेच असतात, बाकी तेच खेळ वेगळ्या लेव्हलवरून सुरू केलेले.

ॲडॅप्टरचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. या यंत्रांत गोल पिनेच्या आत धन असेल की ऋण, याचा एकच नियम नाही. यंत्राच्या तळावरची खूण आणि ॲडॅप्टरवरची खूण जुळली पाहिजे, व्होल्ट जुळले पाहिजेत. घरातला कुठलातरी राउटरचा ॲडॅप्टर लावून बघणं हे ही यंत्रं मरण्याचं एक मोठं कारण आहे.

नव्या टीव्हीवर चित्र येतं, पण दोन अडचणींसकट. पहिली अडचण रंगाची. चित्र काळंपांढरं आलं तर टीव्हीच्या मेनूत रंगपद्धत 'ऑटो'वरून पाल किंवा एनटीएससी (टीव्ही सिग्नलच्या दोन जुन्या पद्धती) करून बघा. दुसरी अडचण स्वस्त एव्ही-ते-एचडीएमआय डबीची. जुनी यंत्रं दर क्षणाला पूर्ण चित्र पाठवतात, पण बऱ्याच डब्या ते अर्धं-अर्धं आलंय असं समजून दोन चित्रं एकमेकांत मिसळतात. परिणामी हालचाल फरफटते आणि लुकलुकणारी पात्रं कधीकधी दिसतच नाहीत. टीव्हीला थेट एव्ही इनपुट असेल, आजकाल ते हेडफोनसारख्या एका भोकात असतं, तर आधी ते वापरा. चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा आणि टीव्हीचा उशीर कमी करणारा 'गेम मोड' लावा.

बदकं मारायची बंदूक मात्र नव्या टीव्हीवर चालणार नाही. चाप ओढला की खेळ क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीतला सेन्सर तेवढ्या क्षणात उजेड दिसतो का ते बघतो. हा हिशोब जुन्या काचेच्या टीव्हीवर जमतो, कारण तिथे सिग्नल आला की चित्र लगेच उमटतं. एलईडी टीव्ही चित्र काही क्षण उशिरा दाखवतो, तोवर खेळाने 'नेम चुकला' असा निकाल दिलेला असतो.

१९९४ च्या डिसेंबरात जपानात पहिला प्लेस्टेशन आला आणि खेळ सीडीवर गेला. जागा एकदम ६५० एमबी. त्याच्या समोर उभ्या असलेल्या निन्टेन्डो ६४ ची कॅसेट जास्तीत जास्त ६४ एमबीची होती. म्हणून फायनल फँटसी ७ तीन सीड्या घेऊन प्लेस्टेशनवर आला. पण सीडी वाचायचा वेग सेकंदाला ३०० केबी आणि यंत्राची मेमरी २ एमबी. एकदा मेमरी भरायची तर सात सेकंद. इथून पुढची पंचवीस वर्षं खेळ बनवणाऱ्यांची निम्मी हुशारी हे सात सेकंद लपवण्यात गेली. रेसिडेंट ईव्हिलमधलं हळूच उघडणारं दार म्हणजे पुढची खोली सीडीवरून येण्याचा वेळ. सायलेंट हिलमधलं धुकं लांबची इमारत काढावी लागू नये म्हणून. ते धुकंच त्या खेळाची ओळख बनलं, हे मला फार मोलाचं वाटतं. लोडिंगच्या वेळात छोटा खेळ खेळू द्यायची युक्ती नाम्को कंपनीने पेटंट करून ठेवली होती. ते पेटंट २०१५ मध्ये संपलं आणि तोवर लोडिंगच छोटं व्हायला लागलं होतं.

पहिल्या प्लेस्टेशनच्या खेळांत जमिनीवरच्या फरशा चालताना वाकड्या होतात आणि भिंती थरथरतात, ते सीडी खराब असल्यामुळे नाही. त्या यंत्राला चित्राचा तुकडा लांबी-खोलीच्या हिशोबाने ताणता येत नव्हता, आणि त्रिकोणाचे कोपरे पूर्ण ठिपक्यावरच ठेवावे लागत होते. त्यासाठी लेन्स बदलून काही उपयोग होत नाही.

तुमचा प्लेस्टेशन २ हा २००० चा जन्म. ३२ एमबी मेमरी, डीव्हीडी सेकंदाला साधारण ५ एमबीने वाचायची. या पिढीत खेळ 'चालता चालता' भरला जायला लागला. सॅन अँड्रियासमध्ये गाडी पळवताना पुढचा रस्ता डिस्कवरून येत असतो, म्हणूनच डिस्क खरचटली की पुढची इमारत उमटायला वेळ लागतो. भारतात हे यंत्र खूप वर्षं टिकलं. इतकं की २००९ मध्ये हनुमान: बॉय वॉरियर हा भारतात बनलेला खेळ प्लेस्टेशन २ वरच आला.

त्याची तपासणी अशी करा. तळाकडून निळसर दिसणाऱ्या डिस्क सीडी असतात, चंदेरी असतात त्या डीव्हीडी. चंदेरी चालते आणि निळी चालत नाही, किंवा उलट, असं झालं तर यंत्र मेलेलं नाही. सीडीसाठी आणि डीव्हीडीसाठी लेसरची तरंगलांबी वेगळी असते आणि त्यातला एक मंदावलेला असतो. आधी लेन्स पुसा, मग लेन्सचा सरकता दांडा घट्ट झालाय का बघा. जुनं ग्रीस वाळून चिकट होतं, ते पुसून पांढऱ्या ग्रीसचा तांदळाएवढा थेंब पुरतो. दर वेळी चालू केल्यावर भाषा आणि तारीख विचारत असेल तर आतला सीआर २०३२ सेल संपलाय, बाकी काही नाही. नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवलेल्या यंत्राबरोबर आलेल्या घरी भरलेल्या डीव्हीड्या आता बहुतेक निकामी झालेल्या असतील. त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि दमटपणाने उडतो. छापील डिस्कमध्ये हे रंगद्रव्य नसतं, म्हणून ती टिकते.

टीव्हीला जोडताना पिवळ्या वायरीऐवजी लाल-हिरवी-निळी अशी कॉम्पोनन्ट केबल मिळवा. चित्रातला फरक लगेच दिसेल. अमेरिकेतून कुणी आणलेला जाडा प्लेस्टेशन २ असेल तर तो १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावला की पहिल्याच क्षणी पॉवर सप्लाय जातो. एक्सबॉक्स ३६० च्या अमेरिकन ॲडॅप्टरचंही तसंच. प्लेस्टेशन ४ आणि ५ यांना ही भीती नाही.

प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० ची पिढी तुमच्या घरात नाही, म्हणून थोडक्यात. मेमरी ५१२ एमबी, एचडी चित्र आणि प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे. खरा बदल मात्र इंटरनेटचा होता. खेळ दुकानात आल्यावर दुरुस्त करता यायला लागला आणि अपुरा खेळ विकायची सवय तेव्हाच लागली. याबद्दल मला राग आहे आणि तो कमी झालेला नाही.

हॉलमधल्या प्लेस्टेशन ४ कडे येऊ. मेमरी ८ जीबीवर गेली, पण डिस्क आणि हार्ड डिस्क मात्र मागेच राहिली. म्हणून पूर्ण खेळ आधी हार्ड डिस्कवर उतरवणं सक्तीचं झालं. तेव्हापासून तुमच्या हातातली डिस्क मुख्यतः किल्ली आहे. हार्ड डिस्कची सुई इकडून तिकडे जायला वेळ लागतो, म्हणून एकच वस्तू अनेक ठिकाणी लिहून ठेवायचे. प्लेस्टेशन ५ ची रचना करणारे मार्क सर्नी यांनी २०२० मध्ये स्पायडरमॅनचंच उदाहरण दिलं होतं: त्यातली काही माहिती हार्ड डिस्कवर ४०० वेळा लिहिलेली होती. खेळ १०० जीबीकडे गेले त्यामागे हेही एक कारण आहे.

१०० जीबी म्हणजे किती? ठाणे-नवी मुंबईत एमटीएनएलचं २५६ केबीपीएसचं कनेक्शन होतं तेव्हा एवढं उतरवायला ३६ दिवस सलग लागले असते. आज १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास. हा वेग घरोघरी आला नसता तर डिजिटल खेळांचा व्यापार इथे उभाच राहिला नसता.

प्लेस्टेशन ५ आला नोव्हेंबर २०२० मध्ये, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते. पहिल्या प्लेस्टेशनच्या ३०० केबीशी तुलना केली तर अठरा हजार पट. दारं, लिफ्ट, अरुंद फटीतून अंग चोरून जाणं, या सगळ्या लपवाछपवीची गरज संपली. रॅचेट अँड क्लँकच्या २०२१ च्या खेळात पात्र एका जगातून दुसऱ्या जगात उडी मारतं आणि ते जग समोर तयार असतं. मुलीला दोन्ही यंत्रांवर स्पायडरमॅन चालू करून दाखवा आणि घड्याळ लावा. पिढीचा फरक तिला चित्रात शोधावा लागणार नाही.

घेताना डिस्क ड्राइव्ह असलेलाच घ्या. तुमच्या प्लेस्टेशन ४ च्या डिस्क, मोजके अपवाद सोडले तर, त्यावर चालतात. प्लेस्टेशन २ आणि ३ च्या चालत नाहीत. सुटा ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. फोर-के, १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा) टीव्ही यासाठी मुद्दाम घेऊ नका. साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीवर खेळाच्या सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' निवडा. सेकंदाला ३० ऐवजी ६० चित्रं मिळाली की बटण दाबल्यापासूनचा उशीर हाताला कमी जाणवतो.

जागा कमी पडणारच. प्लेस्टेशन ४ चे खेळ यूएसबी ३ च्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, ते तिथूनच चालतात. प्लेस्टेशन ५ चे खेळ बाहेर फक्त ठेवता येतात, खेळायला आत आणावे लागतात. आतल्या खाचेत एम.२ एसएसडी बसवायची असेल तर एनव्हीएमई, चौथ्या पिढीची, किमान ५,५०० एमबी वेगाची घ्या. हीटसिंकसकट (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी. इथे लोक चुकतात: संगणकासाठीचा उंच हीटसिंक आणतात आणि झाकण बसत नाही. यंत्र बंद करून वायर काढा, वरचं आवरण सरकवून काढा, खाचेच्या झाकणाचा स्क्रू सोडवा. आतला छोटा गोल स्पेसर एसएसडीच्या लांबीच्या भोकावर हलवायला विसरू नका, नाहीतर कार्ड तिरकं उभं राहतं. कार्ड बसवा, स्क्रू हलका आवळा, झाकण लावा. चालू केल्यावर यंत्र स्वतःच फॉरमॅट विचारेल. त्यापुढे मात्र उघडू नका. प्रोसेसरवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे आणि तो बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतो. धुळीसाठी आवरणाखाली मुद्दाम दिलेली दोन भोकं आहेत, तिथे व्हॅक्यूम लावा. घोडबंदर रोडच्या बाजूला जिथे बांधकामं चालू आहेत, तिथे दर तीन महिन्यांनी.

प्लेस्टेशन ४ विकण्याआधी सेव्ह, म्हणजे खेळात कुठवर पोचलात त्याच्या नोंदी, सुरक्षित करा. त्याचे सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येतात आणि तिथून प्लेस्टेशन ५ मध्ये टाकता येतात. प्लेस्टेशन ५ च्या खेळांचे सेव्ह पेनड्राइव्हवर घेताच येत नाहीत, त्यासाठी पैसे भरून क्लाउड घ्यावं लागतं. ही माघारच आहे. लाइट जाण्याची भीती असेल तर १ केव्हीएचा यूपीएस पुरतो. खेळताना यंत्र साधारण २०० वॉट घेतं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याचं बटण 'यूपीएस मोड'वर ठेवा, नाहीतर बदलाच्या क्षणी यंत्र बंद पडतं आणि चालू इन्स्टॉल बिघडतो.

आता ठेवायचं काय? माझं स्पष्ट मत: कॅसेटचा गेम आणि प्लेस्टेशन २ दोन्ही ठेवा. त्यांच्यात खेळ पूर्ण आहे, कुणाला विचारावं लागत नाही. नव्या पिढीत तसं नाही. कॉल ऑफ ड्यूटीच्या २०२२ च्या खेळाच्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळं डाउनलोड. 'द क्रू' हा गाड्यांचा खेळ ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्यावर विकत घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला. प्लेस्टेशन ४ मध्येही असाच एक धोका होता: घड्याळाचा सेल संपला आणि कंपनीचं नेटवर्क पोचत नसेल तर डिस्कवरचा खेळही चालत नसे. २०२१ च्या सप्टेंबरात आलेल्या ९.०० या आवृत्तीने तो दूर झाला. तुमचा प्लेस्टेशन ४ त्याहून जुन्या आवृत्तीवर असेल तर आजच अपडेट करा, मगच तो पाहुण्यांच्या खोलीत ठेवा किंवा विका.

माळ्यावर मात्र काहीच ठेवू नका. वरच्या मजल्यावर स्लॅब एप्रिल-मेमध्ये तापतो आणि जुलैत पाझरतो. खाडीकडची हवा वर्षभर दमट, त्यात कॅसेटच्या पिना आणि बोर्डावरचे कपॅसिटर आधी जातात. कपाटाच्या मधल्या कप्प्यात, झिपच्या जाड पिशवीत, प्रत्येक यंत्राबरोबर ५० ग्रॅम सिलिका जेल टाकून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवा. ती कढई परत स्वयंपाकाला वापरू नका. डिस्क डब्यात उभ्या ठेवा. दिवाळीत एकदा आणि होळीला एकदा, अर्धा तास प्रत्येक यंत्र चालवा, म्हणजे कपॅसिटर जिवंत राहतात आणि लेन्सचा दांडा जागीच घट्ट होत नाही.